एक पत्र, चार नावे

आजोबांच्या ट्रंकेतले कागद संगणकात उतरवायला घेतले, तेव्हा अडचण आली ती जागेची नव्हे, नावांची. त्यांच्या थोरल्या भावाचे १९५२ सालचे एक मोडी पत्र घ्या. अर्ध्या पत्रात आत्याच्या लग्नाची बोलणी, अर्ध्यात बांधाचा तंटा. त्याचे बाळबोध करून मी ते टंकले खरे, पण ठेवायचे कुठे? आत्याकडची मंडळी 'लग्न' या फोल्डरमध्ये शोधणार, धाकटा भाऊ 'शेत'मध्ये. नातवंडे कानडी शाळेतली. ती 'मदुवे' आणि 'होला' याच नावांनी शोधणार.

चार ठिकाणी चार प्रती करणे सोपे. पण उद्या कुणी जाणकाराने मोडीतला एखादा शब्द नीट लावून एका प्रतीत दुरुस्ती केली, तर उरलेल्या तीन चुकीच्याच राहणार. पुढे खरी कोणती, हे कोण सांगणार?

यावरची तोड जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या रचनेत फाईलच्या पोटात तिचे नाव नसतेच. तिला असतो एक क्रमांक. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे, हे त्या क्रमांकाच्या नोंदीत असते. फोल्डर म्हणजे नावे आणि क्रमांक यांची नुसती यादी. मग चार याद्यांत चार नावांपुढे एकच क्रमांक लिहिला तर? पत्र एकच राहते, चार ठिकाणी सापडते. याला हार्ड लिंक म्हणतात. त्यात अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्नच उरत नाही. एक नाव पुसले तर नोंदीतला नावांचा आकडा एकाने कमी होतो, पत्राला धक्का लागत नाही. शेवटचे नाव गेले, की मात्र ती जागा मोकळी समजली जाते.

दुसरा प्रकार सिम्बॉलिक लिंकचा. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये तो १९८३ साली आला. ही नुसती पत्त्याची चिठ्ठी. ती दुसऱ्या डिस्कवरची वस्तूही दाखवते, हार्ड लिंकला ते जमत नाही. पण वाटेतल्या एका फोल्डरचे नाव बदलले, की चिठ्ठी आंधळी होते.

आपल्या भागातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. घर तेच, विहीर तीच; पत्ता मात्र १९५६ पर्यंत मुंबई राज्य, मग म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक, आणि २०१४ पासून बेळगावचे बेळगावी. नुसत्या पत्त्यावर विसंबलेली किती नाती त्यात चुकली असतील! म्हणून पत्रासाठी मी हार्ड लिंक निवडली.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. काही प्रोग्राम दुरुस्ती जतन करताना नवीच फाईल बनवतात. मग ते नाव बाकीच्यांपासून तुटते. आणि चारही नावे एकाच डिस्कवर असल्याने डिस्क गेली तर सगळेच गेले. म्हणून एक खरीखुरी प्रत भावाच्या घरी ठेवली आहे.

आता पत्राच्या नोंदीत नावांचा आकडा चार आहे. त्यांतली दोन मराठी, दोन कानडी. उद्या घरात मराठी वाचणारे कुणी उरले नाही, तरी 'मदुवे' उघडणाऱ्या पोरीच्या हाती हेच पत्र पडेल. ते वाचायला तिला कुणीतरी शिकवायला हवे. ते काम काही संगणकाचे नाही.