नवेगावच्या बांधावर दोन दिवस

आम्हां उभयतांच्या घरी तलाव म्हणजे धानाचे पाणी. सुट्टी घालविण्यासाठी तलावाकाठी जावे, असे आमच्या आईवडिलांच्या आयुष्यात कधी घडले नाही. त्यांचे पाय रोवणीच्या चिखलातच रुतले. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघे नवेगावबांधला मुक्कामास गेलो, तेव्हा काम नसताना पाण्यापाशी बसणे प्रथम अवघडच वाटले.

डोंगरांच्या कुशीतला हा विस्तीर्ण जलाशय निसर्गदत्त नव्हे. माणसांनी बांध घालून तो अडविला. कोलू पाटील कोहळी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. १९७५ साली येथील वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मात्र टोपल्यांनी माती वाहणाऱ्यांची नावे आम्हांला कोणी सांगितली नाहीत.

दुसऱ्या सकाळी आम्ही बराच वेळ निवांत बसलो. ही निवांतता शिक्षणाने दिली, आणि शिक्षण त्या चिखलातल्या पायांनी. आमचे आईवडील आज नाहीत. ज्या माजी विद्यार्थ्यांचे हयात आहेत, त्यांनी त्यांना एकदा या बांधावर न्यावे, नुसते बसावयास.