आधी सलामी

शाळेत व्यायाम म्हटला की मला शिक्षाच आठवायची. गृहपाठ राहिला, काढा उठाबशा. वर्गात बोललीस, मार मैदानाला फेरी. त्यामुळे चौथीत आईने दोरीच्या मल्लखांबाला घातलं, तेव्हा आपला काय गुन्हा झाला हेच मला कळेना. मी चिडकी होते. जरा मनाविरुद्ध झालं की कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचे. घरात समजूत काढणारे पुष्कळ होते. त्याने माझं रडं वाढायचंच.

व्यायामशाळेतल्या ताई समजूत काढत नसत. मी फुगून गेले की म्हणायच्या, “आधी वर जाऊन ये, मग सांग काय झालं ते.” सुती दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायचा, अढी घालायची, वर सरकायचं. अंगठा काचायचा. पकड ढिली पडली की घसरायला होई, त्यामुळे भांडण डोक्यात घोळवायची सोयच नव्हती. खाली उतरून धाप ओसरली की ताई शेजारी बसायच्या. “हं, आता बोल.” तोवर तक्रार निम्मी झालेली असायची. उरलेली निम्मी त्या पुरती ऐकून घ्यायच्या.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली, ती मल्लांच्या तयारीसाठी. ताईंनी तोच आमच्या रुसव्याफुगव्यांच्या कामी आणला.

आठवीत मला कशातच गोडी वाटेना. “आज इच्छाच नाही,” म्हटलं तर ताई म्हणाल्या, “इच्छेची वाट बघू नकोस. नुसती सलामी दे आणि जा घरी.” सलामी दिली की हात आपसूक दोराकडे जायचे. एखाद्या दिवशी नाहीच गेले, तर त्यांनी अडवलं नाही. कंटाळा कुठला आणि थकवा कुठला, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. शिक्षा म्हणून मात्र त्यांनी कुणाला एक जोरही काढायला लावला नाही.

पुढे मी प्राथमिक शिक्षिका झाले. डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले होते, पण मधल्या सुट्टीत भांडून आलेली मुलं समोर उभी राहिली की आठवायच्या ताईच. मग पाण्याच्या टाकीपर्यंत लंगडी घालत जाऊन यायचं आणि नंतर तक्रार सांगायची, असा आमच्या वर्गाचा रिवाज पडला. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. तो परत मागताना मी सांगते, की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. आकडा त्यांचा, मागायचा धीर ताईंचा.

माझ्या वर्गात एक मुलगा चिडला की वहीची पानं फाडायचा. त्याला मी दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून भिंत ढकलायला शिकवलं. परवा तो आपणहून उठला. “बाई, मी जरा भिंत ढकलून येतो.” आला आणि लिहायला बसला. ही युक्ती बाईंची, असं त्याला वाटत होतं. बाईंच्या ताईंची आहे, असं मी त्याला सांगून टाकलं.