पोशेऱ्याचा मुक्काम

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याला आम्ही मुलाबाळांसह टेम्पोतच मुक्काम केला. परतीच्या पावसात छप्पर रात्रभर गळले. ताडपत्री लोखंडी कमानींवर घासून विरली होती, मध्ये झोळ पडून पाणी साचत होते. सकाळी आम्ही ठिगळ लावले, कमानींवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, मधली कमान वीतभर उंच केली. पाणी दोन्ही अंगांनी वाहून गेले.

जवळ उभ्या पोराने विचारले, “वीटभट्टीला चाललात का?” आम्ही गप्प झालो. दिवाळीनंतर इथली अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते. आमचे छप्पर एका रात्रीचे, त्यांचे पावसाळ्यापर्यंतचे!

बंधूभगिनींनो, मागेल त्याला काम हा हक्क महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने मान्य केला. ते काम गावातच, वेळेवर मिळाले, तरच हे गळके छप्पर सुटेल.