एका मिलिसेकंदाची गोष्ट

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे, हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे! तरीही इथे लिहितेय, कारण ही गोष्ट एका भांडणाची आहे आणि ते भांडण मराठीतच झालं होतं.

ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल. प्रोग्रॅम अगदी सोपा : एक मिलिसेकंद झोपायचं, उठायचं, असं हजार वेळा. म्हणजे एकूण साधारण एक सेकंद. लॅबमधल्या विंडोजवर रन केला, तर लागले साडेपंधरा सेकंद! पुन्हा केला, पुन्हा तेच. सबमिशन दुसऱ्या दिवशी. मी जर्नलमध्ये सरळ '१.०२ सेकंद' लिहून मोकळी झाले. रीडिंग 'कुक' करण्यात आपण सगळेच पटाईत, नाही का?

पार्टनर मात्र अडून बसली. "खोटं रीडिंग माझ्या नावावर नको."

"आली मोठी हरिश्चंद्र!" मी म्हणाले. ती तडक लायब्ररीत गेली, मी कॅन्टीनमध्ये.

संध्याकाळी तीच उत्तर घेऊन आली. कॉम्प्युटर सारखा घड्याळाकडे बघत बसत नाही. टायमर ठरावीक वेळाने प्रोसेसरला हाक मारतो, तो क्लॉक इंटरप्ट. विंडोजमध्ये तो सहसा सेकंदाला ६४ वेळा, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी येतो. झोपलेला प्रोग्रॅम उठणार तो पुढच्या टोल्यालाच. वॉचमन तासातासालाच टोले देत असेल, तर त्याला "पाच मिनिटांनी उठव" सांगून काय उपयोग? आम्ही दर मिलिसेकंदाला टोला मागितला, तेव्हा काम दोन सेकंदांच्या आत झालं. पण मग प्रोसेसरला विश्रांती नाही आणि बॅटरी लवकर संपते. म्हणूनच लिनक्समध्ये २००७ साली, काम नसताना टोलेच बंद ठेवायची सोय आली.

"एवढ्याशा वेळेने काय बिघडतं गं?" मी तरीही म्हणालेच.

तिने १९९१ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायची. ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण मावत नाही, म्हणून तो २४ बिटांवर कापलेला. यंत्रणा १०० तास सलग चालू राहिली आणि चूक साचत साचत ०.३४ सेकंद झाली. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात धहरान इथे येणारं स्कड तिला अडवता आलं नाही. २८ सैनिक गेले.

मी गप्प. मग पेन काढून '१.०२' खोडलं आणि '१५.६' लिहिलं. खाली कारणही.

खाडाखोडीसाठी सरांनी एक मार्क कापला. मित्रांनो, इतक्या आनंदात मार्क कधीच गेला नव्हता!