नाळ

तुतारी एक्सप्रेस पहाटे ठाण्याला लागली आणि आई खाली उतरली, तेव्हा तिच्याकडे सामानाचे दोनच डाग होते. एक कपड्यांची पिशवी आणि एक थर्माकोलचा खोका, सुतळीने करकचून बांधलेला. पिशवी तिने नवऱ्याच्या हातात दिली. खोका दिला नाही.

मला सातवा महिना लागला होता. घरी येऊन तिने खोका उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं, पण मासे ताजे होते. वर सुरमईच्या तुकड्या, खाली मोरी. मालवणात बाळंतिणीला मोरी देतात. दूध चांगलं येतं म्हणतात. माझ्या वेळी आजीने आईला दिली होती, आजीला तिच्या सासूने. आई ती आधीच घेऊन आली होती, कारण बाळंतपणाच्या वेळी बाजारात मिळाली नाही तर काय, ही तिची काळजी. मोरी डीप फ्रीझरमध्ये राहणार होती.

"आई, डॉक्टरांनी मोरी नको सांगितलीय. सुरमई पण."

आईने खोक्यावरून मान वर केली. "मोरी खाल्ल्याशिवाय दूध कसा येतला गो?"

"त्यात पारा असतो."

"पारो? तो तापमापीत असता." आणि मग जरा थांबून, "आमी काय कमी खाल्ली? आमका काय झाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता, त्यावर दोन ओळी होत्या: मोठे शिकारी मासे टाळा, छोटे मासे आठवड्यातून दोन-तीनदा खा. कारण लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री मी फोन घेऊन बसले. गरोदरपणात रात्री तीन वाजता गूगल करू नये असं सगळे सांगतात, आणि सगळ्याच जणी करतात.

वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आईचं निम्मं बरोबर होतं. तापमापीतला पारा आणि माशातला पारा एकच नाही. लहानपणी तापमापी फुटली की आम्ही ते चंदेरी मणी फरशीवर पळवायचो. (करू नका. त्याची वाफ फुप्फुसांत जाते.) तो पारा पोटात गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. माशात असतो तो मिथाइल पारा. कोळसा जाळला की त्यातला पारा धुरातून वर जातो. छोट्या सोन्याच्या खाणींमध्ये सोनं वेगळं करायला पारा वापरतात, तोही हवेत आणि नद्यांत जातो. शेवटी सगळा पाण्यात उतरतो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो सूक्ष्म वनस्पतींत जातो, त्या खाणाऱ्या किड्यांत, ते खाणाऱ्या पेडव्यांत आणि बांगड्यांत, पेडवे-बांगडे खाणाऱ्या सुरमईत. प्रत्येक पायरीला तो साठत जातो, कारण शरीर तो घेतं पटकन आणि सोडतं हळूहळू. पाण्याच्या तुलनेत मोठ्या शिकारी माशात तो दहा लाख पटीहूनही जास्त असू शकतो. आणि तो चरबीत नाही, मांसात असतो. त्यामुळे धुऊन, तळून, तिरफळं घालून जात नाही.

अमेरिकेच्या सरकारी यादीत गरोदर बायकांनी टाळायच्या माशांमध्ये शार्क आहे, म्हणजे मोरी. किंग मॅकरेल आहे, म्हणजे आपल्या सुरमईच्याच जातकुळीतला तिकडचा मासा. मी गेले सहा महिने आठवड्यातून दोनदा सुरमई खात होते. महाग मासा, म्हणजे चांगला मासा. नवरा कौतुकाने आणायचा.

मग मी मिनामाताबद्दल वाचलं, आणि उरलेली रात्र झोप आली नाही.

मिनामाता हे जपानच्या कुमामोतो प्रांतातलं समुद्राकाठचं गाव. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२पासून तिथे असिटाल्डिहाइड बनवायला पारा वापरत आणि सांडपाणी खाडीत सोडत. पन्नासच्या दशकात तिथल्या मांजरांना काहीतरी व्हायला लागलं. ती गोल गोल फिरायची, नाचल्यासारखी उडायची, समुद्रात पडून मरायची. कावळे उडता उडता खाली पडायचे. ती मांजरं कोळ्यांच्या घरची होती, माशांच्या डोक्यांवर आणि काट्यांवर जगणारी. आमच्या मालवणच्या घरातही मासे साफ करताना मागच्या दारी चार मांजरं बसलेली असतात. ती कशी बसतात, कुठलं आधी पुढे येतं, हे मला माहीत आहे. म्हणून ते वाक्य वाचून पुढे जाता आलं नाही.

मांजरांनंतर माणसं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं, की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. पहिल्या रोग्यांत दोन लहान बहिणी होत्या. हात थरथरणं, बोलणं अडखळणं, नजर आक्रसत जाणं, झटके, मृत्यू. लोकांना वाटलं संसर्ग आहे. आजारी घरांकडे जाणं-येणं बंद झालं. १९५९मध्ये होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. प्रयोगातलं ते चारशे नंबरचं मांजर. ऑक्टोबरमध्ये त्याला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला. कारखान्यात पारा वापरणं थांबलं १९६८मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. २००१पर्यंत सरकारने मान्य केलेल्या रोग्यांचा आकडा २,२६५ होता. त्यातले १,७८४ तोवर गेले होते.

पण माझी झोप उडवली ती एका छोट्या प्रसंगाने. १९६१च्या सुमारास मासाझुमी हारादा नावाचा एक तरुण डॉक्टर घरोघरी फिरत होता. एका घराच्या पडवीत दोन भाऊ खेळत होते. दोघांची लक्षणं सारखीच. त्याने आईला विचारलं, दोघांनाही मिनामाताचा आजार का? ती म्हणाली, मोठ्याला आहे, धाकट्याला नाही. धाकट्याने कधी मासे खाल्लेच नाहीत, म्हणून डॉक्टर म्हणतात की याचं वेगळं आहे, हा जन्मतःच असा. हारादाला ते पटलं. त्या काळी वैद्यकाची समजूत होती की वार विष अडवते. ते आईपासून बाळापर्यंत जात नाही.

पण त्या बाईला ते पटलेलं नव्हतं. मासे मी खाल्ले, तेव्हा हा माझ्या पोटात होता, असं तिचं म्हणणं. गावात त्या काही वर्षांत जन्मलेली अशी आणखी मुलं आहेत, हेही तिला माहीत होतं. १९६२मध्ये ते मान्य झालं. मिथाइल पारा वार ओलांडतो. उलट बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो. कित्येक आयांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं. आपलं विष बाळाने स्वतःवर घेतलं, असं त्या म्हणत.

जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. पुढे हारादाने गावातून त्या नाळा गोळा केल्या. त्या तपासल्यावर कुठल्या वर्षी जन्मलेल्या बाळाला किती पारा मिळाला ते दिसलं. कारखान्याचं उत्पादन वाढलं तसा नाळेतला पारा वाढला होता. कंपनीने जे दाबलं, ते घरोघरी कपाटात ठेवलेलं होतं.

सकाळी मी हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं ती उडवून लावेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बायेक कळला होता, पण इचारुक कोण नाय गेलो." आणि मोरी फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली. टाकायला नाही. नवऱ्याला आणि तिला खायची होती.

मोरी साफ करणं हे काम आहे. कातडी खरखरीत, सँडपेपरसारखी. त्यावर कढत पाणी ओतून ती घासून काढावी लागते. काढता काढता आई म्हणाली, कधी कधी मोरीच्या पोटात पिल्लं निघतात, नाळेला लागलेली. मला खोटं वाटलं. मासा आणि नाळ? पण ते खरं आहे. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणारी छोटी, चपट्या नाकाडाची मोरी अंडी घालत नाही. तिची पिल्लं पोटात वाढतात, वारेला जोडलेली, नाळेतून पोसली जाणारी. मग अर्थातच तिचा पारा पिल्लांनाही जातो. शार्कच्या पोटातल्या पिल्लांत आईकडून आलेला पारा संशोधकांना सापडलेला आहे. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत लून नावाचे पाणपक्षी असतात. पारा जास्त असलेल्या तळ्यांवर ते मंदावतात, घरट्यावर कमी बसतात, त्यांची पिल्लं कमी जगतात. त्यांना कोणी छापील कागद देत नाही.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले ती रडवेली होऊन. आजपासून मासेच बंद, असं जाहीर केलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, मिनामातामध्ये कारखान्याचा पारा थेट खाडीत जात होता, वर्षानुवर्षं. तुमच्या ताटातला पारा त्याच्या जवळपासही नाही. आणि मासे बंद केले तर बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ कुठून आणणार? रक्तातला पारा साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो. आजपासून निवड बदला, बस.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की शास्त्रज्ञांनाही हेच कोडं सोडवायला वर्षं लागली. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेलचं मांस खातात. तिथे १९८६-८७मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांच्या नाळेतल्या रक्तातला पारा मोजून ठेवला. सातव्या वर्षी तपासलं, तर जास्त पारा मिळालेल्या मुलांचं लक्ष, स्मरण आणि भाषा किंचित मागे होती. आजार म्हणण्याइतकं नाही, पण मोजता येईल इतकं. २००८मध्ये तिथल्या आरोग्याधिकाऱ्यांनी लोकांना शेकडो वर्षांची सवय सोडायला सांगितलं. दुसरीकडे हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर बायका आठवड्याला बारा-बारा वेळा मासे खातात. तिथल्या मुलांत असं ठळक नुकसान दिसलं नाही. तिथे व्हेल नव्हे, मासे खातात. माशातले चांगले घटक बाळाला सावरत असावेत, असं एक स्पष्टीकरण आहे.

म्हणजे प्रश्न मासे खायचे की नाही हा नाहीच. कुठले खायचे, हा आहे. आणि उत्तर असं निघालं की आईला हसू आलं. पेडवे, तारले, मांदेली, बांगडा. छोटे, थोडं जगणारे, अन्नसाखळीत खालचे. पारा कमी, ओमेगा-३ भरपूर. "म्हणजे गरिबाचा म्हावरा," आई म्हणाली. तिच्या लहानपणी रापण ओढायला मदत केली की पेडवे वाट्याला फुकट यायचे. पाहुणे आले तरच सुरमई. आणि मोरी बाळंतपणापुरती, तीही हाताएवढी. "आमका काय झाला" याचं निम्मं उत्तर इथे असावं. आई जे वर्षभर खात होती तो पेडव्यांचा तिखला होता. सुरमई दर रविवारी खाणारी आमची पिढी पहिली.

उरलेलं निम्मं उत्तर ताटात नाही. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३मध्ये झाला, तो मिनामाताच्याच नावाने. भारताने तो २०१८मध्ये स्वीकारला. तापमापीतला पारा हळूहळू जातोय. पण आपली बहुतेक वीज अजून कोळशावर आहे, आणि ज्या फोनवर मी हे लिहितेय, तोही त्याच विजेवर चार्ज झालाय. यादी मात्र छापली जाते ती गरोदर बाईसाठी. तिने काय खाऊ नये याची. चिमणीतून काय सोडू नये, याचा कागद त्या डॉक्टरांच्या टेबलावर नव्हता. मी यादी पाळली. पाळणार नाही तर काय करणार होते? पण ती पाळताना राग आला, आणि तो राग मला आईवर काढायचा नव्हता.

मुलगी झाली. दूधही आलं, मोरीशिवाय. आई म्हणते पेडव्यांनी आलं. नवव्या दिवशी नाळेचा वाळका तुकडा गळून पडला. आमच्याकडे तो पुरतात, माडाच्या मुळाशी. ठाण्यात चौथ्या मजल्यावर माड कुठला? आईने तो कापसात गुंडाळून हळदी-कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवला, गावी न्यायला म्हणून.

अजून नेलेला नाही. माझ्या कपाटातच आहे. गेल्या महिन्यात मुलीने पहिल्यांदा बांगडा खाल्ला, आईने काटे काढून भरवलेला. तिने तोंड वाकडं केलं, आणि मग आणखी मागितला.