वाळूतला मांडव आणि आत्यांचा शालू

मैत्रिणींनो, घरात लग्नाची मुलगी असेल तर हल्ली एक प्रश्न तुमच्यापुढे आज ना उद्या येणारच : ‘आपण समुद्रावर लग्न करू या का?’ आमच्या घरी तो दिवाळीच्या फराळाच्या ताटांवरच आला. पुतणीने मोबाइलवरची चित्रं दाखवली. वाळूत पांढऱ्या खुर्च्या, लेसचे पडदे, कातडी पेट्यांची चळत, तिच्यावर कर्णा असलेला ग्रामोफोन आणि काचेच्या बरणीत मेणबत्ती. म्हणे ‘व्हिंटेज’ लग्न! जाऊबाईंनी हातातला चकलीचा तुकडा तसाच ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “जुनाट सामान मांडून लग्न करायचं, तर मग आपला माळा काय वाईट आहे?”

पण मुलगी हट्टाला पेटलेली. पुण्याच्या एका सजावटवाल्याने नुसत्या सजावटीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून भावजींनी चष्मा काढून पुसला. तेव्हा आमच्या ह्यांना मुरुडच्या आत्या आठवल्या. समुद्र त्यांच्या परसदारी, जुन्या वस्तू घरभर आणि भाडं काही नाही. झालं! कामाला मी जुंपले गेले, कारण मी ‘अर्धवेळ’ शिक्षिका. अर्धवेळ काम करणाऱ्या बाईकडे उरलेला अर्धा वेळ रिकामाच असतो, असं सगळ्यांना वाटतं.

आधी एक सांगून ठेवते. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यातलं. आमचं ते रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं. पत्रिकेत हे ठळक छापून घ्या. आम्ही घेतलं नाही आणि आमचे एक दूरचे मेहुणे सहकुटुंब जंजिरा पाहून दुसऱ्या दिवशी आहेर घेऊन आले. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं खेड स्टेशन सोयीचं, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. आम्ही कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-खेडवरून गेलो. घाटात दोन पोरांना उलट्या झाल्या. आवळासुपारीची डबी पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

मुरुडच्या घरांची रचना पाहून मन निवतं. पुढे अंगण, मग ओटी, ओटीवर झोपाळा, आत काळोखं थंडगार माजघर आणि मागे नारळी-पोफळींचं आगर. आगर संपलं की केवड्याचं बन आणि त्यापलीकडे पुळण. उत्तरेला हर्णैजवळ पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. आत्या ऐंशीच्या घरात आल्या आहेत, पण पहाटे विहिरीवर जातात. पाहुण्यांना राहायला दोन खोल्या देऊन नि आगरातली सुपारी विकून त्यांनी एकटीने घर चालवलं. आता सुपारी कमी झाली आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात त्यांच्या शंभरावर पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नव्या लावल्यात, पण पोफळ फळायला सहा-सात वर्षं जातात. आगराच्या मधोमध एवढं मोठं आभाळ दिसतं, ते पाहून आधी कसंसंच होतं.

गुरुजींनी मुहूर्त काढला तो माघ शुद्ध दशमीचा, गोरज. सूर्य बुडताना माळा घालायच्या आणि पाठीमागे समुद्र! सगळ्या मुली टाळ्या पिटायला लागल्या. आगरातले जुने गडी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, नारळ सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “दशमीचे साडेसात. पाणी चढतं असणार.”

हा हिशोब तुम्हीही लिहून ठेवा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ तासांत येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ही वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही, थोडं इकडेतिकडे. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे आमच्या मुहूर्ताला, साडेसहाच्या सुमाराला, पाणी जोरात आत येत असणार. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी, पुळण मोकळी. मात्र त्याच दिवसांची भरती सर्वांत मोठी, ती दुपारी केवड्यापर्यंत येऊन मांडवाचे खांब भिजवते. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची नि शिंपल्यांची रेघ दिसते ना, ती मोठ्या भरतीची खूण. तिच्या अलीकडे काहीही मांडू नये, खुर्चीसुद्धा नाही, असं तात्यांनी बजावलं. म्हणजे समुद्राच्या बाजूला नव्हे हं, तिच्यापासून घराच्या बाजूलाच सगळं मांडायचं.

मी शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण दुपारी समुद्रावरून येणारा तो खारा वारा पडदे, रांगोळी, पदर आणि नवरीचा आंबाडा यांचं काय करील, हे काही मला सुचलं नव्हतं. जाऊन आठ दिवस आधी एक रंगीत तालीम केली म्हणून वाचलो. समया दोन मिनिटांत विझल्या. रांगोळी उडून गेली. लेसचा पडदा म्हणून आणलेलं कापड शिडासारखं फुगलं आणि बांबूसकट कोसळलं. कर्ण्याचा ग्रामोफोन पुण्याहून भाड्याने आणला होता, तो आतून प्लॅस्टिकचा निघाला. परवानग्या ह्यांनी पाहिल्या. ग्रामपंचायत, सागरी मंडळ आणि पोलीस अशा तीन पायऱ्या चढल्यावर ह्यांनाच ती पुळण नकोशी झाली. शिवाय लाउडस्पीकर रात्री दहाला बंद.

त्यात कासवांची गोष्ट निघाली. या किनारपट्टीवर, वेळास-आंजर्ल्याला तर नेमाने, थंडीच्या दिवसांत समुद्री कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांचं रक्षण सुरू केलं. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असले की मादी वर यायला बिचकते आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्यांकडे धावतात. हे ऐकल्यावर पुतणी स्वतःच म्हणाली, “काकू, वाळूवर लाइटिंग नको.” पोरी हट्टी असतात, पण ऐकतातही.

मग ठरलं ते असं : लग्न आगरात, पोफळी पडून झालेल्या त्या मोकळ्या जागेत, आणि पुळणीवर फक्त नंतर जाऊन सूर्य नि चंद्र पाहायचा. वाऱ्याला केवड्याच्या बनाची आडकाठी. माडाच्या झावळ्यांची झापं विणून छप्पर केलं. खांबांना वाळूत खुंट्या धरत नाहीत. पोत्यांत वाळू भरून ती आडवी पुरली आणि दोर त्यांना बांधले. खुर्च्यांचे पाय रुतू नयेत म्हणून खाली फळ्या टाकल्या. समयांऐवजी काचेच्या चिमणीचे कंदील. गावातून मागून मागून एकोणीस मिळाले, प्रत्येकाच्या तळाला घरमालकाचं नाव चिकटवून. रांगोळी सडा टाकून ओल्या मातीवर तांदळाच्या पिठाच्या खळीने काढली, कडेने शिंपले. सुपारीच्या पानाच्या ताटल्या, केळीची पानं आणि द्रोण. थर्मोकोलच्या ताटल्या राज्यात 2018 पासून बंदच आहेत, पण खरं सांगायचं तर वाऱ्याने त्या टिकल्याही नसत्या.

आणि सजावट? आत्यांच्या माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका उतरल्या. घंगाळ, पानाचा डबा, अडकित्ता, लामणदिवे, चौरंग, भोवरे काढलेले शिसवी पाट. पितळ आमसुलाच्या पाण्याने घासलं की लख्ख होतं, पण खाऱ्या हवेत दोन दिवसांत पुन्हा काळवंडतं. तेव्हा आदल्या रात्रीच घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि आयत्या वेळी बाहेर काढा. घरातल्या लग्नांचे जुने काळे-पांढरे फोटो दोरीला ओळीने टांगले. पाहुणे तिथून हलेनात.

त्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पंचात गुंडाळलेला, आत्यांचा शालू होता. अंजिरी रंगाचा, जरीचा. मुलींनी तो उलगडला आणि एकीने सहज म्हटलं, वधूवरांच्या मागे पडद्यासारखा टांगू या, फोटो काय सुंदर येतील! आणि मी, बी. ए. झालेली, दोन मुलांची आई, तशीच माजघरात गेले आणि आत्यांना विचारलं, “आत्या, तो शालू मागे लावायला घेऊ का?”

आत्या वाती वळत होत्या. वळतच राहिल्या. मग म्हणाल्या, “खालच्या काठाला पांढरे डाग आहेत, ते फोटोत दिसतील.”

ते डाग मिठाचे. 1963 साली गिरगावात त्यांचं लग्न लागलं आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वरात हर्णैला आली. किनाऱ्याला धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहिली, तिथून पडावात उतरायचं आणि पडाव वाळूला लागायच्या आधीच पाण्यात पाय टाकायचा. गुडघाभर पाणी, अंगावर शालू, घाबरलेली अठरा वर्षांची मुलगी. काकांनी सगळ्यांदेखत हात धरला म्हणून सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या. 1981 मध्ये काका गेले. त्यानंतर शालू ट्रंकेत गेला तो आज निघाला होता. हे सगळं त्यांनी वाती वळता वळता सांगितलं. मला तोंड कुठे लपवू असं झालं. आम्ही भाड्याने ग्रामोफोन आणत होतो आणि ज्या बाईचं खरंखुरं लग्न समुद्रातून या घरी आलं होतं, तिच्याकडे पडद्याचं कापड मागत होतो!

मी मुलींना सांगून शालू परत ठेवायला लावला. पण पुतणी रात्री आत्यांजवळ निजायला गेली आणि सकाळी तिने जाहीर केलं : अंतरपाट आत्याआजीच्या शालूचा.

जाऊबाई संतापल्या. अंतरपाट पांढरा असतो, हे झालं वरवरचं कारण. मनातलं कारण त्या मला विहिरीवर घेऊन जाऊन बोलल्या. मी त्यांना दोष देत नाही. आईचा जीव आहे, आणि लग्नात आपल्या मनात कसकसल्या शंका येतात, ते तुम्हीआम्ही जाणतोच. आत्याही पुतणीला म्हणाल्या, “नको गं बाय. माझं वस्त्र तुमच्या दोघांच्या मध्ये कशाला?” हे त्या ज्या गावात बसून म्हणत होत्या, ते धोंडो केशव कर्व्यांचं मुरुड. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. 1958 मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. मुलांना मी हा धडा शिकवते. जाऊबाईंना तो विहिरीवर ऐकवायचं धैर्य मात्र मला झालं नाही.

सोडवलं ते गुरुजींनी, तेही घाईघाईत, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी एक लग्न होतं. म्हणाले, “अंतरपाट म्हणजे मधला पडदा. धुतलेलं वस्त्र हवं आणि स्वस्तिक हवं. कुणाचं, ते पोथीत नाही.” जाऊबाई गप्प झाल्या. पटलं असं नाही, गप्प झाल्या.

जुनं रेशीम घडीवर चिरतं. शालू तसाच धरला असता तर मधोमध फाटला असता. मग त्याला मागून काकांच्याच एका धुवट धोतराचं अस्तर मी दोन रात्री बसून हाताने घातलं, लांब सैल टाक्यांनी, म्हणजे नंतर उसवता येईल. स्वस्तिक कुंकवाने न काढता वेगळ्या पांढऱ्या पट्टीवर काढून ती वर टाचली. काठ खाली सोडला, डागांसकट.

लग्न वेळेवर लागलं. मंगलाष्टकं चालू असताना भरतीचा आवाज एवढा वाढला की गुरुजींना स्वर चढवावा लागला. आत्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. अंतरपाट धरायला या म्हटलं तर आल्या नाहीत. औक्षणाला त्यांना जाऊबाईंनी बोलावलं नाही. पुतणी मात्र माळ घातल्याबरोबर पहिली त्यांच्या पाया पडली. मसालेभात, वालाचं बिरडं, आमसुलाचं सार, जिलबी. जिलबी थोडी कमी पडली.

रात्री पाणी उतरायला लागल्यावर आम्ही बायका कंदील न घेताच पुळणीवर गेलो. दशमीचं चांदणं पुरेसं होतं. आत्या नको नको म्हणत आल्या आणि पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. लाट आली तशी जाऊबाईंनी त्यांचा दंड धरला. कुणीच काही बोललं नाही.

परतायच्या दिवशी अस्तर उसवायला घेतलं, तर आत्या म्हणाल्या, राहू दे. शालूची घडी मात्र मी जुन्या रेघांवर घातली नाही, मलमलीच्या कापडात सैल गुंडाळीच केली; तुमच्याकडे जुने शालू असतील तर तुम्हीही तसंच करा आणि वर्षातून दोनदा सावलीत हवा द्या. एकोणीस कंदिलांपैकी सतरा परत गेले. दोन चिमण्या फुटल्या, त्या दापोलीच्या बाजारात मिळतात.