आठ भावांची वाटणी

टहरौलीत हिवाळ्यात ऊन उशिरा येतं. मटार-हरभऱ्याच्या शेतांवर धुकं बसून राहतं. तोवर मी अंगणात खाट टाकून, शाल कानांवरून घेऊन आणि त्याच कानांत तारा खुपसून पुटपुटत असते: बों, ब्लाँ, व्हाँ. शेजारच्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की जिज्जींचा, म्हणजे माझा, जप चाललाय.

मुलाची इथल्या बँकेत बदली झाली, म्हणून मी झाशी जिल्ह्यातल्या या तहसिलीच्या गावी आले. जन्मभर मराठी शिकवलेली बाई साठी उलटल्यावर फ्रेंच का शिकते, हे मुलालाही नीट कळलेलं नाही. कारण साधं आहे. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं आपली भाषा कशी घडली यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1920 साली पॅरिसहून निघाला. एम.ए.ला आम्ही त्याचा मराठी अनुवाद वाचला. तेव्हापासून एक गोष्ट सलत राहिली. आपल्या आईच्या बाळपणाची हकिगत परक्या घरी नोंदलेली आणि तीही आपण तिसऱ्याच्या तोंडून ऐकायची! मूळ वाचावं, एवढाच हट्ट.

हट्ट एक आणि शिकवण्या आठ. मोबाइलमध्ये एकेक करत आठ साठल्या. कोणी म्हणे पुस्तक नको, नुसतं ऐका, कोणी चित्रं दाखवी, कोणी रोज हजेरी घेई आणि चुकलं की रुसे. प्रत्येकीचा पहिला धडा नमस्काराचा. आठ वेळा मी अनोळखी माणसांना नमस्कार केला, आठ वेळा नाव सांगितलं, आठ वेळा कॉफी मागवली. दोन महिन्यांनी मी पहिल्या धड्यात निष्णात होते आणि दुसऱ्याची मला गंधवार्ता नव्हती. नव्या वहीचं पहिलं पान सुंदर अक्षरात लिहायची मुलांना जी हौस असते तीच ही. सुरुवात करण्याचं सुख शिकण्याच्या सुखापेक्षा स्वस्त असतं.

शहाणपण या गावाच्याच इतिहासातून आलं. ओरछ्याच्या वीरसिंह देवाच्या वंशातल्या दिवाण रायसिंहानं आपली बडागावची जहागीर आठ मुलांत वाटली. टहरौली हा त्यातलाच एक वाटा. या जहागिऱ्यांना ‘हश्तभैया’ म्हणत. पुढे दोन वाटे भावांच्याच वाट्यांत जिरले, टहरौली पुन्हा ओरछ्याकडे गेली, चिरगाव इंग्रजांनी खालसा केलं. आठांतले चार उरले. माझ्या आठांचंही असंच झालं, फक्त मी आणखी कठोर होते. राहायला एकच घर ठेवलं, बाकीच्यांतल्या दोघांकडे कामापुरतं जायचं, उरलेल्यांना रामराम.

घर ठरलं आसिमिलचं. 1929 पासूनची ही फ्रेंच मंडळी मला मानवली, कारण त्यांना घाई नाही. छोटा संवाद, समोरच्या पानावर भाषांतर. पहिले 49 धडे नुसतं ऐकायचं, वाचायचं, मोठ्यानं म्हणायचं. पन्नासाव्यापासून रोजचा नवा धडा चालू ठेवून मागचा पहिला धडा पुन्हा उघडायचा आणि आता भाषांतरावरून फ्रेंच आपण सांगायची. याला ते दुसरी लाट म्हणतात. मूल आधी ऐकतं, मग बोलतं, तशातला हा प्रकार.

पण नुसत्या लाडानं भागत नाही. क्रियापदं अंगवळणी पडायला अमेरिकी परराष्ट्र खात्यानं आपल्या अधिकाऱ्यांसाठी केलेला जुना पाठ्यक्रम घेतला. सरकारी काम, त्यामुळे आज फुकट मिळतो आणि चवीलाही सरकारीच. एकच वाक्य, कर्ता बदला, पुन्हा म्हणा, काळ बदला, पुन्हा म्हणा. पाढे म्हणवून घेणारे मास्तर आठवतात. वीस मिनिटांपुढे मी टिकत नाही, पण त्या वीस मिनिटांनी जे होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही.

फ्रेंचांकडून कवाईत शिकण्याची आपली परंपरा तशी जुनीच. बखरी-पत्रांतला ‘मुसाबुसी’ म्हणजे फ्रेंच सेनानी मॉंसिय ब्युसी. आपल्या लोकांनी ‘मॉंसिय’चं ‘मुसा’ केलं आणि पुढे चालले. त्याच्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी 1761 च्या जानेवारीत पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला. म्हणजे शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलेल्या नारायणरावांची किंकाळी ऐकत वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलाला एक फ्रेंच शब्द आधीच येत असतो!

तिसरी शिकवणी कानाची. फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, रोज दहा मिनिटं. इथे माझं माझ्याशीच भांडण झालं. मला वाचायचंय, बोलायचंय कोणाशी? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पुस्तकांवरून फ्रेंच आणि जर्मनचा अभ्यास केला. तिथे कुठला रेडिओ आणि कुठला मास्तर? लिहायलाही शाई नव्हती, पेन्सिल होती. त्यांचं नडलं नाही, मग माझं का नडावं? उत्तर ब्लॉकनंच दिलं. त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग ध्वनींचा आहे, कुठला स्वर लांबला, कुठला अनुनासिक झाला याचा. ध्वनींबद्दलचं पुस्तक बहिऱ्यासारखं कसं वाचायचं?

आणि अडलं ते नेमकं अनुनासिकाशी. ‘बों’ म्हणायला जावं तर तोंडातून ‘बोन्’ किंवा ‘बोम्’ निघे. आम्ही लहानपणी ‘नाहीं’, ‘करूं’, ‘तें’ असं लिहीत होतो. 1962 च्या नियमांनी ते टिंब कागदावरून गेलं, पण नाकातून ते आमच्याकडे त्याआधीच गेलेलं होतं. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात हे सोपं गेलं, कारण आजी गोवऱ्या विसांनीच मोजायची. नाक मात्र आजीकडून आलं नव्हतं.

ते सापडलं भिंतीपलीकडे. शेजारच्या बाई नातवाला हाक मारतात, ‘ए मोंड़ा!’ त्यातला ‘मों’ असा भरीव येतो की ‘न्’चा मागमूस नाही. त्या ‘नईं’ म्हणतात आणि मला माझं टिंबवालं ‘नाहीं’ ऐकू येतं. त्यांचं ‘काय’ तर आपल्याच घरातलं वाटतं. आठांपैकी एकाही शिकवणीनं मला सांगितलं नव्हतं की फ्रेंच ओठांनी बोलण्याआधी बुंदेलीत ऐकावी.

काल पन्नासावा धडा होता. उलट फिरायचं, म्हणजे पुन्हा तोच नमस्कार, तीच कॉफी, पण या वेळी उत्तर माझ्याकडून. धीर होईना, म्हणून तारा हातात घेऊन नुसतीच बसले होते. भिंतीवरून आवाज आला, ‘काय जिज्जी, आज जप नईं भओ?’

मी एक तार त्यांच्या कानात घातली. त्यांनी डोळे मिटून संवाद ऐकला, मान हलवली आणि मोंड्याला हाक मारावी तसं सहज ‘बों’ म्हणाल्या. माझ्यापेक्षा बरं म्हणाल्या.